माझी साक्ष दुसऱ्यानं दिली

मोठ्या सरांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला. हिसकावला नाही. दोन बोटांनी अलगद काढला, लहान मुलाच्या हातातून ब्लेड काढून घेतात तसा. फळ्यावर वटवाघळाचा पंख अर्धाच राहिला.

रोह्यातली शाळा. दहावीचा वर्ग. उत्क्रांतीचा धडा मी त्याच दिवशी सुरू केला होता. माणसाचा हात, मांजराचा पाय, वटवाघळाचा पंख. वरून सगळं वेगळं, आतली हाडं मात्र एकाच ठेवणीची. ते काढून दाखवत होते. तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले. त्यांना आम्ही मोठे सर म्हणतो. भरल्या वर्गासमोर ते म्हणाले,

"मॅडम, हा धडा तुम्ही नका घेऊ. तुमच्यात हे मानत नाहीत. उगाच पोरांचा गोंधळ नको."

तुमच्यात.

मागच्या बाकावरून कुणीतरी "आमेन" म्हटलं. वर्ग हसला. सर हसले नाहीत. थांबवलंही नाही. मी पुस्तक उचललं आणि बाहेर पडले.

प्राणिशास्त्रात मी एम.एस्सी. केलंय. पेणच्या खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्या माणसाची मी मुलगी. चिखलावर परांनी सरपटणारा निवट्या मासा मी पुस्तकात बघायच्या आधी हातात धरलाय. पुढच्या तासाला मुलांना तोच सांगणार होते. पाण्यातला जीव जमिनीवर कसा आला असेल, त्याची कल्पना यावी म्हणून.

धडा गणिताच्या सरांना दिला. ते खुर्चीवर बसून मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. शेजारच्या वर्गात मी आठवीला शिकवत असायची. भिंतीपलीकडून माझाच धडा ऐकू यायचा.

दसऱ्याला आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू लागतं. झेंडूची फुलं मी स्वतः मांडते. मला त्यात वावगं वाटत नाही. ज्या वस्तूनं दिसतं तिचे आभार मानायचे, एवढंच. पण पूजा करणाऱ्याला त्या दिवशी कुणी विचारत नाही की तुम्ही विज्ञान मानता का. मलाच विचारतात. विचारतात कुठे, ठरवूनच टाकतात.

मी रोह्याजवळ वरशाला भाड्याच्या खोलीत राहते. एकटीच. शेजारी वाईट नाहीत. गणपतीत सगळ्या दारांना प्रसाद फिरतो. माझ्या दाराशी आला की जरा थांबतो. "चालंल ना?" मी दरवर्षी हात पुढे करते. दरवर्षी ते विचारतात.

रविवारी पेणला जाते. तिथं आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पत्र्याचा हॉल आहे. बाबा गावातून सकाळीच येऊन पुढच्या रांगेत बसतात. त्या रविवारी मी उशिरा पोचले. पास्टर बोलत होते. माझं नाव ऐकलं आणि दारातच थांबले.

"आपल्या भगिनीनं शाळेत साक्ष दिली. माकडाचा धडा शिकवायला तिनं नकार दिला. मोठ्या माणसांसमोर ती झुकली नाही."

टाळ्या पडल्या. बायका मागं वळून माझ्याकडे बघत होत्या. बाबा रडत होते, आनंदानं. माझा अपमान कुणाच्या तरी तोंडून पेणपर्यंत आला होता, आणि येता येता त्याचा पराक्रम झाला होता. शेवटी पास्टरांनी माझे हात हातात घेतले. पुढच्या रविवारी तुझ्या तोंडून ऐकू म्हणाले.

परतीच्या रेल्वेचा डबा जवळजवळ रिकामा होता. कासू गेलं, नागोठणं गेलं. शाळेत मला अडाणी ठरवून बाहेर काढलं. इथं त्याच अडाणीपणासाठी टाळ्या. दोन्हीकडचे माझ्याबद्दल एकच गोष्ट धरून चालले होते. ती खोटी होती, हे सांगायला माझ्याकडे एकही माणूस नव्हता.

शनिवारी मी गावी गेले. बाबांना सगळं सांगितलं. मी नकार दिला नाही, मला काढलं. आणि तो धडा मला खरा वाटतो.

 बाबा म्हणाले, "मंग तू देवाला सोडलास काय गो?"

"नाय."

"मंग या दोनी एकदम कसा?"

मी त्यांना त्यांच्याच आजाराची आठवण करून दिली. त्यांना टीबी झाला तेव्हा मी कॉलेजात होते. गावातलं कुणी ओटीवर चढेना. पेणहून पास्टर यायचे. उशाशी बसायचे, प्रार्थना करायचे. बरे झाल्यावर बाबा म्हणाले, देवानं वाचवलं, आणि आम्ही मंडळीत आलो. पण गोळ्याही होत्याच. डॉक्टरांनी बजावलं होतं, मधेच सोडू नका. सोडल्या तर कच्चे जंतू मरतील, निबर असतील ते उरतील, त्यांची पैदास वाढेल आणि मग हेच औषध लागू पडणार नाही. मी बाबांना म्हटलं, तो धडा हेच सांगतो. जे तगतं त्याचीच पुढे पैदास होते, आणि पिढ्यान् पिढ्या जीव बदलत जातो. तुमच्या छातीत ते होऊ शकलं असतं. म्हणून देव खोटा ठरला का? सूर्य कसा पेटतो ते कळलं म्हणून सकाळी त्याचे आभार मानायचे थांबतो का आपण? देवानं जग केलं, हे मी मानते. कसं केलं, ते मी शिकवते. त्याला घाई नव्हती, एवढंच मला त्या धड्यातून कळलं.

बाबांनी ऐकून घेतलं. त्यांना पटलं की नाही ते चेहऱ्यावर दिसेना.

"माला तुजा सगला समजत नाय," ते म्हणाले. "पन तुज्या आईच्या मातीला गावातला कोन आला नाय. खड्डा मंडलीच्या लोकांनी खनला. तू उद्या त्यांच्यासमोर या बोललीस, तर माज्या मातीला कोन येल?"

  मी त्यांच्यासमोरचं ताट उचललं, घासलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं वरशाला आले.

रविवारी पास्टरांनी मला पुढे बोलावलं. माइक हातात दिला. 

मी म्हटलं, "मी नकार दिला नाही. मी ख्रिस्ती आहे म्हणून मला वर्गातून काढलं. तो धडा शिकवायला मला आवडतं. मी तो खरा मानते. आणि मी येशूच्या मागं चालते. त्यातलं एक धरायचं तर दुसरं सोडायला हवं, असं मला तरी कधी वाटलं नाही."

 मी पास्टरांकडे वळले.

"पास्टर, माझे बाबा आजारी होते तेव्हा तुम्ही त्यांच्यासाठी गुडघ्यावर बसलात. आणि तुम्हीच त्यांना गाडीवर बसवून गोळ्या आणायला सरकारी दवाखान्यात नेलंत. तेव्हा तुमचा विश्वास कमी पडला होता का?"

 पास्टरांच्या डोळ्यांत राग नव्हता, दुखावल्यासारखं काहीतरी होतं. मग त्यांनी माइक माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "बस, बाई." ढोलकीवाल्याला खूण केली. गाणं सुरू झालं. मी गाण्याच्या मधोमध उभी. टाळ्यांच्या तालात माझी साक्ष बुडाली.

बाबांकडे पाहिलं. ते खाली मान घालून गात होते. मी बाहेर पडले. ते बाहेर आले नाहीत.

सोमवारी शाळा भरायच्या आधी मी मोठ्या सरांच्या खोलीत गेले. बसले नाही. दहावीचा धडा परत मागितला. पुढच्या वर्षी बघू, ते म्हणाले. ते नव्या तासांचं वेळापत्रक चाळत होते.

"पुढच्या वर्षी नाही, सर. आजचा तास माझा आहे. काढून घ्यायचा असेल तर लेखी द्या. कारणही लिहा, मी ख्रिस्ती आहे म्हणून."

त्यांनी मान वर केली. एवढ्यात कुणी असं बोललं नसावं त्यांच्याशी. वाद नको, मी तुमच्या भल्यासाठीच म्हणत होतो, वगैरे बोलले. मी उभीच राहिले. लिहून काही दिलं नाही त्यांनी. मी वर्गात गेले.

मुलांना सांगितलं, "मी देवाला मानते. आणि हा धडा बरोबर आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर तासानंतर विचारा." कुणी हसलं नाही. कुणी विचारलंही नाही. मी शिकवलं. घंटा झाली, मुलं निघून गेली.

त्याला आता बरेच महिने झाले. शिक्षकांच्या खोलीत मी आले की बोलणं बदलतं. मंडळीतल्या मुलांना रविवारी मी गोष्टी सांगायचे, ते काम काढून घेतलंय. बाबा फोनवर जेवलीस का विचारतात. त्यापुढे काही नाही.

गेल्या महिन्यात पास्टरांचा निरोप आला. मंडळीसमोर क्षमा माग, सगळं पहिल्यासारखं होईल. मी उलट निरोप धाडला. माझ्या चुकांची क्षमा मी देवाकडे रोज मागते. ही चूक नाही.

मी अजून दर रविवारी पेणला जाते. शेवटच्या रांगेत बसते. माझ्या शेजारची चटई मोकळी असते. जाऊ नकोस, असं मला एक-दोघांनी सुचवलंय. शाळा बदल, असंही सुचवलंय.

मी दोन्ही ठिकाणी जाणार. शिकवणार आणि प्रार्थनाही करणार, तीही मोठ्यानं, नीट ऐकू जाईल अशी. ज्याला मला उठवायचं असेल त्यानं चारचौघांसमोर यावं, माझ्या हाताला धरावं, आणि का उठवतोय ते स्वतःच्या तोंडानं सांगावं.

आपण होऊन मी उठणार नाही.