ग्राफमध्ये बाबा दिसत नाहीत

या सदरातले गूढ अनुभव मी दुपारी जेवताना वाचते, तोंडी लावायला. हसते, एखादा बहिणीला पाठवते आणि ताट घासायला उठते. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, त्यात घर पक्कं आंबेडकरी. बैठकीत बावीस प्रतिज्ञांची फ्रेम. लहानपणी नजर, भूत, अंगात येणं यातला एक शब्द जरी तोंडातून निघाला तरी बाबा ताटावरून उठवायचे. तेव्हा आज इथे लिहायला बसताना मला खरं तर लाजच वाटते आहे. पण आठ-नऊ महिने झाले... आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालं आहे.

आम्ही भिलाईत, जुनवानीला राहतो. बाबांनी स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर बांधलेलं घर. आई, बाबा आणि मी. रस्त्याकडची खोली माझ्या कामाची. काम म्हणजे घरी गाणी ऐकायचे महागडे स्पीकर आणि हेडफोन तपासून त्यांच्यावर लिहिणं. कंपन्या पेट्या पाठवतात, मी महिनाभर ऐकते, मोजते, लिहिते आणि पेट्या परत पाठवते. आमच्या नातेवाइकांच्या मते हे काम नाहीच. मावशी तर लग्नात सगळ्यांसमोर म्हणाली होती, ‘पोरगी दिवसभर गाने ऐकते म्हने.’

माझी मोजायची एक ठरलेली पद्धत आहे, ती थोडक्यात सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. ऐकायच्या खुर्चीच्या डोक्याशी स्टँडवर एक माइक लावायचा. स्पीकरमधून एक आवाज सोडायचा — खालच्या घरघरीपासून चढत चढत बारीक शिट्टीपर्यंत. माइकने जे पकडलं त्याचा लॅपटॉपवर ग्राफ येतो. हे मी दोनदा करते. एकदा खुर्ची रिकामी ठेवून, एकदा माणूस बसवून. माणसाचं अंग, कपडे, केस थोडा आवाज पितात, त्यामुळे माणूस बसला की ग्राफच्या वरच्या भागात एक छोटा खड्डा पडतो. कुणीही बसलं तरी पडतो. गादीचा लोड ठेवला तरी थोडा पडतो.

आणि माझा ठरलेला माणूस म्हणजे बाबा. एकतीस वर्षं रोलिंग मिलमध्ये काढलेला माणूस. मिलने त्यांचे कान निम्मे नेले, कानाचं मशीन असतं ते कपाटाच्या खणात. म्हणजे ज्याला स्पीकरमधलं अर्धं ऐकूच येत नाही तो माझा असिस्टंट! पण त्यांच्यासारखं स्थिर कुणी बसत नाही. घरात बनियनवर फिरणारा माणूस मोजणीसाठी इस्त्रीचा शर्ट घालून येतो, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवतो आणि सर्व्हिस बुकच्या फोटोसाठी बसावं तसा बसतो. चार वर्षांत इतके ग्राफ जमले की त्या खड्ड्याला मी ‘बाबांचा खड्डा’ असंच म्हणायचे.

पोळा होऊन गेला, त्याच्या पुढच्या रविवारची गोष्ट. सकाळचे अकरा वाजले असतील. कमरेएवढ्या उंचीचे नवे स्पीकर आले होते. रिकाम्या खुर्चीचा ग्राफ घेतला. बाबा बसले, दुसरा घेतला. दोन्ही एकावर एक ठेवले तर एकच रेघ. खड्डा नाही!

मला वाटलं, मीच चुकून तीच फाइल दोनदा उघडली. पुन्हा घेतला. पुन्हा तेच. बाबांना उठवून आईला बसवलं. ती हातात अर्धी निवडलेली मेथी घेऊनच बसली. खड्डा पडला. मी स्वतः बसले, पडला. बाबा बसले... रिकामी खुर्ची.

मग माइक बदलला. लॅपटॉप बदलला. माझे सहा वर्षं जुने स्पीकर लावले, ज्यांच्यासमोर बाबा शंभरदा तरी बसले असतील. काही फरक नाही. बाबा कंटाळून म्हणाले की आज फारच मोजून राहिली तू, आणि जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी कुम्हारीहून देवांगनला बोलावलं. हा माझा मित्र, अॅम्प्लिफायर दुरुस्त करतो आणि कुणाचंही ऐकून घेत नाही. आल्या आल्या त्याने मला हसून घेतलं. स्वतः बसला, खड्डा पडला. बाबांना बसवलं. त्याने वायरी तपासल्या, बाबांचा शर्ट बदलायला लावला, खुर्ची बदलली. मग त्यालाच हेडफोनची कल्पना सुचली. हेडफोन डोक्यावर घट्ट बसला की त्यातला खालचा, भरीव आवाज टिकतो. नुसता हवेत टांगला तर तो आवाज गळून जातो. हे आमच्या धंद्यात पोरंसोरं पण जाणतात. आम्ही हेडफोनच्या आत बारीक माइक बसवला आणि तो बाबांच्या डोक्यावर चढवला. गाद्या कानांवर इतक्या आवळल्या होत्या की कानाच्या कडा लाल झाल्या.

ग्राफ आला तो हवेत टांगलेल्या हेडफोनचा. देवांगनने हेडफोन काढून पेटीत ठेवला. जाताना गेटपाशी हळूच म्हणाला, अंकल की तबीयत एक बार दिखा लो.

तोपर्यंत मी फक्त चक्रावले होते. त्या वाक्याने घाबरले. जे यंत्र गादीचा लोड पकडतं त्याला माझे बाबा सापडत नाहीत, याचा अर्थ काय? अर्थ मला लावायचा नव्हता, पण तो आपोआप लागत होता. बाबा जाणार. मशीनला आधी कळलं. बघा, बावीस प्रतिज्ञांच्या घरातली मुलगी काय विचार करत होती!

दुर्गला एका डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी, इको, रक्त, छातीचा फोटो, सगळं. डॉक्टरांनी विचारलं, त्रास काय आहे? काय सांगणार... ग्राफमध्ये येत नाहीत? मी म्हणाले, अशक्तपणा. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. रिपोर्ट सगळे नॉर्मल आले आणि माझी भीती उलट वाढली. काहीतरी सापडलं असतं तर औषध तरी देता आलं असतं.

मग मी त्यांच्या मागेच लागले. दर बुधवारी ते स्कूटरवर मोहन नगरला जुन्या सोबत्याकडे कॅरम खेळायला जायचे. चावी मी माझ्या टूलबॉक्समध्ये टाकली आणि कारने सोडायला लागले. दुपारी ते आडवे झाले की दारात उभी राहून छाती वरखाली होते की नाही ते बघायची. आईने दोनदा पकडलं. दुसऱ्यांदा ती काही न विचारता माझ्या शेजारी उभी राहिली आणि तीही बघायला लागली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

धम्मचक्र दिनाला बाबा मिलच्या मित्रांसोबत नागपूरला जातात. दीक्षाभूमीवर दोन दिवस मांडवात, सतरंजीवर. एकही वर्ष चुकवलेलं नाही. ती गर्दी, ते ऊन डोळ्यांसमोर आलं आणि मी करू नये ते केलं. सगळ्या मित्रांची रेल्वेची तिकिटं मीच काढून दिली होती, त्यातलं बाबांचं मोबाइलवरून गुपचूप रद्द केलं.

निघायच्या दिवशी सकाळी कळलंच. मित्राच्या मोबाइलवर सगळ्यांची नावं होती, बाबांचं नव्हतं. ते माझ्या खोलीत आले.

“तिकीट तू क्यान्सल केलं?”

“हो.”

“कावून?”

खोटं सांगता आलं नाही. मी लॅपटॉपवर दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी उघडून त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावला. जन्मभर मिलमधले मीटर वाचलेला माणूस, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. एक बोट एका रेघेवरून फिरवलं, मग दुसरीवरून.

“हे रिकाम्या खुर्चीचं. अन् हे माहं?”

“हो, बाबा.”

“आमच्या मिलमंदी मीटर खोटा बोलला त आमी मीटर बदलत होतो, पोरी. मानूस नाही बदलत होतो.”

“बदलला मी. सगळं बदलून पाह्यलं.”

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. “मी जाऊन राहिलो नागपूरले,” एवढंच म्हणाले आणि जनरल डब्यातून गेले.

ते दोन दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. फोन लागत नव्हता, तिथे लाखो माणसं, नेटवर्क कुठून मिळणार. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन आला, मित्राच्या नंबरवरून. जेवलो, पाय दुखून राहिले, आईले सांग. मी खोलीत बसून इतकी रडले की आई धावत आली, तिला वाटलं काही वाईट बातमी. तिसऱ्या दिवशी ते ठणठणीत परत आले, पिशवीत दोन पुस्तकं आणि पुढच्या वर्षाचं कॅलेंडर. मी टूलबॉक्समधून स्कूटरची चावी काढून त्यांच्या हातात दिली. ते चावी घेऊन बाहेर गेले.

वाटलं होतं, आता येतील ग्राफमध्ये. नाही आले. तेव्हापासून सहा जोड्या स्पीकर होऊन गेले, हेडफोन वेगळे. आई येते, मी येते, परवा मीटर बघायला आलेला लाइनमन गंमत म्हणून बसला, तोही आला. बाबांची तब्येत उत्तम आहे. मागच्या महिन्यातले रिपोर्टही चांगले. हे लिहिते आहे तेव्हा ते अंगणात पाइपने झाडांना पाणी घालताहेत, आवाज येतो आहे. कारण मला अजूनही माहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी या धंद्यातलं असेल आणि काही तांत्रिक कारण सुचत असेल तर जरूर कळवा. दुसरं काही सुचत असेल तर कृपा करून कळवू नका.

नागपूरहून आल्यापासून मोजणीला त्यांना बोलवावं लागत नाही. पेटी आली की आपणच शर्टाला इस्त्री करून येतात. पूर्वी आवाज थांबला की उठायचे, आता उठत नाहीत. खुर्चीतूनच, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात विचारतात, “आलो का मी?”

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी स्क्रीनवरून मान वर केली. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि गुडघे धरून ठेवल्यासारखी बोटं आवळलेली होती. मीटर बदला म्हणणारा माझा बाप भ्यायला होता, आणि मीच त्याला भिववलं होतं.

“आले, बाबा,” मी म्हणते. “एकदम साफ आले.”

मग ते उठतात आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगतात, आज मी आलो म्हणून.