आठवायला घेतलेली भांग

मी मूळची मोरा बंदरातली. लग्न होऊन मचव्यातून खाडीकाठच्या दिवाळे गावात आले तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेन. घरात आम्ही तिघं: मी, माझा नवरा आणि त्याची आत्या. नवरा खाडीत मासेमारी करायचा. आईबाप लहानपणीच गेल्यामुळे त्याला आत्यानंच वाढवलं होतं. तिचा स्वतःचा नवरा ऐन तरुणपणात होडीसकट गेला. ना होडी सापडली, ना माणूस.

आत्या सकाळी पाटी घेऊन मासळी विकायला जायची. दुपारी परतून जेवली की मागच्या पडवीत मांडी घालून बसायची, भिंतीला पाठ न टेकता, डोळे मिटून. अंगणात जवळा वाळत पडलेला, कावळ्यांचा गोंधळ, आणि ती मधोमध शांत. मला आधी वाटायचं, बसल्या बसल्या झोपते. पण एकदा मांजरानं सुकटीच्या टोपलीत तोंड घातलं, तेव्हा डोळे न उघडता तिनं हाताशी ठेवलेली काठी हलकेच आपटली. म्हणजे झोपत नव्हती.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मला मूल झालं. ते रडलंच नाही. सुईणीनं कपड्यात गुंडाळून बाहेर नेलं. मी हात पुढे केले तर बायका म्हणाल्या, बघू नको, बघितलंस तर जास्त जीव तुटेल. मुलगा होता एवढं कळलं. नवरा त्याला घेऊन गेला, भिजून परत आला, आणि त्या दिवसापासून घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. नाव तरी कुठे होतं त्याला.

मग मी पाणी भरत होते, भाकऱ्या थापत होते, पण हात दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे. कावळे ओरडले की त्यात मला रडणं ऐकू यायचं. चूल सोडून दारापर्यंत जायचे आणि कशाला आले ते विसरून उभी राहायचे.

आत्या महाशिवरात्रीला टेकडीवरच्या शंकराच्या देवळात भांग घेऊन बसते, हे मला शेजारणीनं सांगितलं होतं. दरवर्षी एक वयस्क बैरागी चालत यायचा, तो ती वनस्पती आणायचा. दारूबंदीचे दिवस होते, भांगेवरही सरकारची नजर असे, त्यामुळे गावात कुणी त्याचा गाजावाजा करत नसे. एका दुपारी धीर करून मी आत्याजवळ गेले.

"आत्या, यंदा मला पन द्या ती. मला सगला इसराचा हाय."

ती जवळ्यातले खडे निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "इसराया नाय घेत मी. आठवाया घेतंय."

"काय आठवता?"

"माझ्या मानसाचा चेहरा. वरीस सरत आला का पुसट होतो."

 तिनं सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "आधी बसाया शिक. बसता येत नाय त्याला ती घाबरवते."

त्या दुपारपासून मी तिच्या शेजारी बसू लागले. काही मंत्र नव्हता. ती म्हणाली, श्वास येतो तो भरती समज, जातो ती ओहोटी, आणि तू काठावर बस, पाण्यात उतरू नको. पहिले कित्येक दिवस मला पायाला आलेल्या मुंग्या तेवढ्या कळल्या. मग रडू यायला लागलं. ती थांबवायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "रडताना पन पाठ सरळ ठेव." मला हसू आलं, आणि कितीतरी दिवसांनी हसले हे माझं मलाच जाणवलं. दसरा गेला, दिवाळी गेली. कावळे हळूहळू पुन्हा कावळेच झाले.

शिवरात्रीला बैरागी आला. उंच, पाठीत किंचित वाकलेला, बोलायला अगदी हळू. आत्यानं माझ्याबद्दल सांगितलं तेव्हा त्यानं मला दोनच गोष्टी विचारल्या. पोटात मूल आहे का, आणि मनात कुणाविषयी राग आहे का. पहिल्याला मी नाही म्हटलं. दुसऱ्याला मान खाली घातली. तो म्हणाला, "घेऊन ये तोही. लपवू नको म्हणजे झालं."

आम्ही उपाशी होतो. आंघोळ करून देवळामागच्या विहिरीवर आत्यानं ती हिरवी पानं पाण्यातून काढली, पुन्हा काढली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. वाटण्याआधी तिनं पाट्याला हात जोडले, पानांना हात जोडले. पाहुण्याला घरात घेताना बोलतात तसं काहीतरी पुटपुटली. मिरी, बडीशेप, खसखस घालून आम्ही दोघींनी आळीपाळीनं वाटलं. वाटताना बोलायचं नव्हतं. दुधात कालवलेलं पहिलं पिंडीवर, दुसरं टेकडीच्या कडेला उभं राहून खाडीच्या दिशेनं. मग आमच्या वाट्या. माझ्या वाटीत तळाशी दोन घोट होते, बस्स.

सूर्य माथ्यावर होता. आम्ही देवळाच्या ओवरीत बसलो. कितीतरी वेळ काही झालंच नाही. मग कुणीतरी घंटा वाजवली, आणि तिचा नाद संपेचना. तो मंदपणे लांबत राहिला, ओवरीच्या दगडात शिरला, दगडातून माझ्या मांड्यांत आला. खालून मिठागरांवरची चकाकी पापण्यांतून आत येत होती. गुलाबी, मग पांढरी, मग अशा रंगाची की ज्याला आमच्याकडे शब्द नाही. वाऱ्याला वास होता, खाऱ्या चिखलाचा, आणि तो वास मी नाकानं घेत नव्हते, सगळ्या कातडीनं घेत होते. एक श्वास आत यायला जणू एक अख्खी दुपार लागत होती.

मग छाती धडधडायला लागली. वाटलं, मी विरघळतेय, परत गोळा होणार नाही. मी हात चाचपडत पुढे केला. आत्याचा तळहात माझ्या पाठीवर आला, मासळीच्या कामानं खरबरीत झालेला. "हाय मी," ती म्हणाली. "येतंय ते येऊंदे."

मी श्वासाकडे परत आले. आणि हात जड झाले. दोन्ही कोपरांच्या मध्ये, मांडीवर, एक वजन आलं. ओलसर, ऊबदार, अगदी खरं. चेहरा दिसला नाही. मी बघायचा प्रयत्नही केला नाही. फक्त धरून बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला नवऱ्याचा राग होता, तो काही न विचारता त्याला घेऊन गेला म्हणून. तो रागही तिथंच शेजारी बसला होता, एखाद्या थकलेल्या माणसासारखा. वजन हळूहळू हलकं होत गेलं. मी ओढून धरलं नाही.

डोळे उघडले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. बैराग्यानं मला गूळ आणि पाणी दिलं. काय दिसलं ते त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "आता घरी जाऊन जे बोलायचं राहिलंय ते बोल. नाहीतर नुसती नशा केलीस असं होईल."

घरी नवरा जाळं विणत बसला होता. मी समोर बसले. विचारलं, "त्याला कुटं ठेवलात?"

त्याच्या हातातली सुई थांबली.  मग म्हणाला, "उद्या सकाळी दाखवतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही बांधाबांधानं चालत गेलो. तिवरांच्या झाडीपलीकडे, भरतीचं पाणी पोचत नाही अशा उंचवट्यावर, भोकराच्या झाडाखाली दगडांची छोटी रास होती. दगड नवे, धुतलेले, भोवतालचं गवत उपटलेलं. एका शिंपल्यात वाळलेलं झेंडूचं फूल होतं.

"कोन येतं इथं?" मी विचारलं.

"मीच," तो म्हणाला. "दर अमावास्येला. होडी काढायच्या आधी."

"मला नाय सांगितलात."

"तू इसरलीस असा वाटला. तुला परत कशाला आठवन करून देऊ?"

आम्ही तिथं बसलो. तो रडला, मी पहिल्यांदाच त्याला रडताना पाहिलं. त्यानं मला सांगितलं की मुलाचे केस दाट होते आणि उजवी मूठ मिटलेली होती. इतके महिने हे त्याच्या एकट्याजवळ होतं.

पुढच्या शिवरात्रीला माझ्या पोटात दुसऱ्यांदा मूल होतं, त्यामुळे प्रश्नच नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी कडेवर घेऊन मी देवळात गेले. आत्यानं पाट्याशी माझ्यासाठी जागा केली. मी वाटून दिलं, वाटी मात्र घेतली नाही. म्हटलं, "आत्या, मला आता काय इचाराचा नाय त्या भांगेला."

मला वाटलं ती रागावेल. ती हसली, तिच्या वाट्याचं उकडलेलं रताळं माझ्या मुलीच्या हातात दिलं, आणि पदर सावरून ओवरीत आपल्या जागी जाऊन बसली.