सोसण्याला इंग्रजीत काय म्हणतात

बंगळुरूला सुमाताईच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, वाळत घातलेल्या कपड्यांवर वरच्या बाईंच्या कुंड्यांचं मातकट पाणी रोज गळायचं. भाषा येत नाही म्हणून ताई मुकाट्यानं कपडे पुन्हा धुवायची. साठीला आल्यावर तिनं इंग्रजीचा क्लास लावला. पुट, अप, विथ हे तिन्ही शब्द तिला शाळेपासून ठाऊक होते. एकत्र आले की त्यांचा अर्थ ‘सोसणं’ होतो, हे नवीन होतं.

काल मला घेऊन ती वर गेली आणि शांतपणे म्हणाली, "आय वोन्ट पुट अप विथ धिस." बाईंनी माफी मागून कुंड्या आत घेतल्या.

सोसणं आम्हा बहिणींना न शिकवताच आलं होतं. नकार मात्र परक्या भाषेत शिकावा लागला.

जिना उतरताना ताई ताठ चालत होती. म्हणाली, "आता घरात मराठीतही सांगून बघते."