आक्कांच्या दाराची दुर्बीण

बिल्डिंगमध्ये राहिलं की किस्से जमवावे लागत नाहीत, ते गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांसारखे एकमेकांच्या दारात उडत येतात. त्यात आमची बिल्डिंग खेडची, निम्मे पुरुष जवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीत शिफ्टला. दिवसभर राज्य आम्हा बायकांचं! आणि या राज्याच्या राणी म्हणजे माझ्या समोरच्या दारातल्या वत्सलाआक्का. रिटायर्ड शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या.

पलीकडच्या गल्लीत ‘दागिने पॉलिश करून देतो’ म्हणत दोन भामटे एका बाईंच्या पाटल्या घेऊन गेले आणि आक्कांचा मुलगा महेश डोंबिवलीहून धावत आला. "आई, फ्लॅट विकू. तू आता आमच्याकडेच चल. तू दारात आलेल्या कुणालाही घरात घेतेस!"

आक्कांनी ठणकावलं, "मी दाराला ती दुर्बीण बसवते. मग तर झालं?"

दुर्बीण म्हणजे पीपहोल. तोवर कुणाला असंच घरात घेतलं नाहीस तर बघू, म्हणून महेशने दिवाळीपर्यंतची मुदत दिली. आक्का गेल्या असत्या तर माझ्या घरातलंच माणूस गेल्यासारखं झालं असतं, म्हणून मीही कंबर कसली.

*

दत्ताराम सुतार ड्रिल घेऊन आला. पीपहोलच्या एका बाजूला छान पितळी झाकण होतं. दत्ताराम म्हणाला, "आक्कानू, झाकण आतल्या बाजूला येतं."

"आतल्या बाजूला? मग ते बघणार कोण? येणाऱ्या-जाणाऱ्याला चांगली बाजू दिसायला नको? नवी चादर आपण उलटी घालतो का?"

शिक्षिकेपुढे कोण बोलणार! झाकण बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, आक्कांनी दार उघडण्याआधीच मी सहज ते उचलून डोळा लावला, तर आक्कांचा हॉल, त्यापलीकडचं स्वयंपाकघर, सगळं लख्ख दिसत होतं. मी बाहेरूनच ओरडले, "आक्का, दूध उतू चाललंय!"

आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला आणि मागोमाग आक्का, "बघ! दुसऱ्याच दिवशी उपयोगी पडली की नाही?"

*

दत्तारामने येऊन ती सुलटी केली. मग कळलं, भोक त्याने स्वतःच्या उंचीला पाडलंय! टाचा उंचावूनही आक्कांचा डोळा दोन बोटं खालीच राहायचा. नवं भोक पाडायला आक्का तयार नव्हत्या. त्यांनी जेवणाचा पाट आणून दाराशी ठेवला. तेव्हापासून दार लावलेलं असताना बेल वाजवली की आतून आधी धप्पकन पाट सरकल्याचा आवाज येतो. तो आला की समजायचं, आक्का दुर्बिणीवर हजर झाल्या.

*

एवढं होऊन खरी अडचण वेगळीच होती. आमच्याकडे दिवसाउजेडी दार लावायची पद्धतच नाही. आक्कांचं दार सकाळी जे भिंतीला टेकायचं ते दिवेलागणीपर्यंत तसंच. म्हणजे पीपहोल दिवसभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहारा करत होतं!

महेशला हे व्हिडिओ कॉलवर दिसलं आणि तो भडकला. आक्कांनी नाइलाजाने दार लावलं. झालं! तळमजल्यापासून बायका यायला लागल्या. "आक्का, बरं नाय वाटत?" "आक्का, कोण गेलं की काय?" कुणी पेज घेऊन आली, कुणी डॉक्टरांचा नंबर. धप्प, धप्प, पाट सरकवून आक्का दमल्या.

संध्याकाळी त्यांनी महेशला फोन केला. "अरे, दार उघडं होतं तेव्हा दोन माणसं यायची. बंद केल्यापासून अख्खी बिल्डिंग येते!"

*

दाभोळची जानकी मासळीची टोपली घेऊन आली. एरवी ती थेट आक्कांच्या हॉलमध्ये बसायची. बंद दार बघून तिला रागच आला. तिने एक सुरमई उचलून दुर्बिणीपुढे धरली. "हे बग गो आक्का! ताजी फडफडीत हाय!"

आतून धप्प. मग आक्कांचा आवाज, "जानके, हिचा डोळा खोल गेलाय. कालची आहे. दुसरी दाखव."

जानकीने गुपचूप खालची सुरमई काढली. "मेली ही दुर्बीण! माझा धंदा बुडवणार!"

*

आणि मग दिवाळीच्या तोंडावरची ती दुपार. मी जिना चढत होते, तर आमच्या मजल्यावर एक कुरिअरवाला. डोक्यावर हेल्मेट, हातात खोकं. त्याने काच वर करून तोंडावर बोट ठेवलं. महेश! आईची परीक्षा घ्यायला आला होता.

त्याने बेल वाजवली. धप्प.

"आजी, पार्सल आहे," महेश घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"समोरच्या दारात द्या."

"ओटीपी लागेल. दार उघडा."

"ओटीपी दारातूनही ऐकू येतो."

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. पण महेशही आक्कांचाच मुलगा! "आजी, घोटभर पाणी तरी द्या. उन्हातून आलोय."

आक्कांनी जन्मात कुणाला पाण्याला नाही म्हटलेलं नाही. आता दार उघडणार, असं वाटून मी डोळेच मिटले.

"पाणी समोरची देईल. ती तुमच्या मागेच उभी आहे!"

महेशने हसत हेल्मेट काढलं. "आई, मी आहे, महेश! जिंकलीस! उघड आता."

दार उघडलं नाही. उलट त्याच्याच खिशातला फोन वाजला. तो कानाला लावला तर पलीकडे आक्का. दाराआडूनही ऐकू येत होत्या. "महेश, अरे, दारात एक माणूस आलाय. म्हणतो, मीच तुमचा मुलगा. काय करू?"

महेशने दारावर थाप मारली. "आई, मीच आहे गो!"

"असं कसं? माझा मुलगा न कळवता येत नाही. आणि तोच सांगून गेलाय, कुणालाही घरात घेऊ नकोस. न्यायला आलायस की राहायला, ते आधी बोल!"

"राहायला! दोन दिवस राहीन नि एकटाच परत जाईन. तू इथेच राहा. फ्लॅटचं नाव काढणार नाही. आता तरी उघड!"

कडी निघाली. महेश पाट ओलांडून आत शिरला. टीपॉयवर त्याचा लहानपणापासूनचा उंच पेला, चहाने भरलेला.

"घे," आक्का म्हणाल्या, "जिन्यात तुझी पावलं ओळखली तेव्हाचा ओतून ठेवलाय. गार झाला असेल."