सुमन कंडक्टरची बदली

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळचे अकरा. स्थळ अमरावती, आमची बैठकीची खोली. हजर: मोबाइलवर साखळीकथा लिहिणाऱ्या आमच्या गटाचे सहा जण, त्यांत चिटणीस म्हणून मी. गैरहजर: ज्यांच्यामुळे ही तातडीची बैठक बोलवावी लागली ते, आमच्या समोरच्या घरातले काकाजी.

हद्द या गोष्टीवर काकाजींइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडायचा नाही. सगळी नोकरी त्यांनी मोजणी खात्यात काढली, लोकांच्या शेतांच्या धुऱ्या-बांधांवरून मोजणीच्या साखळ्या ओढल्या, आणि निवृत्त झाल्यावर जणू त्याचा सूड उगवायला घेतला. आपल्या लिंबाच्या फांद्या त्यांनी दोरीने ओढून शेजाऱ्याच्या भिंतीवर वाकवल्या, कारण शेजाऱ्याकडे पाहुणे जास्त येतात. लग्नाला ते मुलीकडून जातात आणि पंगती उठेपर्यंत मुलाकडच्यांच्या बाजूने मानपानाचे भांडण भांडत असतात. आमच्याकडे चहाला आले की थेट स्वयंपाकघरात शिरून साखरेचा डबा शोधतात. मी सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, तर म्हणाले, "आता काय मजा राहिली, बाई?"

आमची कथा दर आठवड्याला एकेक जण पुढे नेतो. कोणी लिहायचे, कधी द्यायचे, याची यादी माझ्याकडे असते. अकोल्याच्या एका गटाचीही अशीच कथा चालते, आणि त्यांच्यापेक्षा आपले वाचक जास्त हवेत हे आमचे न लिहिलेले पहिले कलम. आमची नायिका सुमन, एसटीत कंडक्टर, एकटी आणि तिखट जिभेची. त्यांचा नायक वसंता, घड्याळे दुरुस्त करणारा विधुर. काकाजींची पाळी आली आणि त्यांनी एका ओळीत सुमनची अकोला डेपोला बदली करून टाकली. त्यातून सावरते तोच अकोल्याच्या गटात, जिथे काकाजी राजरोस सभासद आहेत, सुमन बंद पडलेले घड्याळ घेऊन वसंताच्या दुकानात उभी. लिहिणारे तेच. आम्ही वाढवलेली मुलगी, आणि खाली अकोलेकरांचे हसरे चेहरे.

काकाजींना गटातून काढायचे, असे बैठकीत एकमताने ठरले. सांगायचे काम अर्थात माझ्याकडे.

रस्ता ओलांडून गेले, तर काकाजी काकूंच्या पलंगाशी बसून मोबाइलवरून मोठ्याने वाचत होते. लकवा झाल्यापासून काकू अंथरुणावर आहेत, हे मला माहीत होते. त्यांना दोन्ही कथा रोज वाचून दाखवल्या जातात, हे माहीत नव्हते.

"काकाजी, काहून केलं असं? सुमन आपली होती."

"मंग अकोला का लंडनात हाये काय?" ते म्हणाले. मग आवाज खाली घेत, "इच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एक झाल्या. रोज इचारते, त्या दोघायची भेट झाली का. किती दिवस नाही म्हणू मी?"

काकूंनी सावकाश मान वळवली. "लिहिणारी आली का? त्यायचं लगन कवा लावता तुमी?"

"लावतो आम्ही, काकू," मी म्हणाले. कोणालाही न विचारता. असे मी आयुष्यात कधी केले नव्हते.

घरी येऊन अकोल्याच्या चिटणीसबाईंना फोन लावला. "आमी तर भांडाले तयार होऊन बसलो होतो, ताई," त्या म्हणाल्या, आणि सगळे ऐकून घेतल्यावर कागद-पेन आणायला उठल्या. मग आम्ही दोघींनी मिळून एकच यादी केली. एक आठवडा त्यांचा, एक आमचा. बघण्याचा कार्यक्रम अकोल्याने इतका सुरेख लिहिला, की आमच्यातल्या सर्वांत कडव्या सभासदानेही तो मला दोनदा पाठवला. काकाजींना काढायचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. शेवटचा भाग, लग्नाचा, दोन्ही गटांनी माझ्यावर सोपवला.

त्या संध्याकाळी काकाजी फाटकाशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"लगन लावा, बाई. पण इतक्यात नका लावू. ते झाल्यावर मी इले काय वाचून दाखवू?"

यादीत बाकी सगळ्यांच्या नावांपुढे खुणा झाल्या आहेत. सुमनला हळद लागली आहे, वसंता मांडवात येऊन बसला आहे, काकू रोज विचारतात. माझा भाग अजून लिहायचा आहे.