दानम्माची साक्ष

गुरुलिंग एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होता. सोलापूर, अक्कलकोट, गुलबर्गा आणि परत. त्याच्या हातून कधी कुत्रंसुद्धा मेलं नाही, असं डेपोतले लोक सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यानं जुनी व्हॅन घेतली आणि होटगी रस्त्यावरच्या एका शाळेची मुलं ने-आण करू लागला.

शेवटचं वर्षभर त्याची बायको दानम्मा पुढच्या सीटवर बसायची. "पोरं लई दंगा करतात, म्हणून जाते," असं ती शेजारच्या सिद्धम्माला सांगायची. पण चौक आला की गुरुलिंगचे हात थबकत, हे तिला एकटीलाच माहीत होतं. ती पदर सावरत हळूच म्हणायची, "डावीकडं घ्या." तो घ्यायचा. या गोष्टीवर नवरा-बायकोत कधी एक शब्द झाला नाही.

फेब्रुवारीत तिला ताप भरला आणि तो एकटा गेला. नऊ मुलं गाडीत घेतली, शाळेकडं वळायचं सोडून थेट अक्कलकोटचा रस्ता धरला. वळसंगला लोकांनी गाडी अडवली तेव्हा मुलांनी रडून आकांत मांडला होता, आणि गुरुलिंग चहावाल्याला विचारत होता, "आमचा कंडक्टर कुटं गेला?"

शाळेनं डॉक्टरचा दाखला मागितला. मुलगा नंदीश दोघांना घेऊन डॉक्टर चंद्रिकांकडं गेला.

डॉक्टरांनी कागद पुढं सरकवला. "घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." गुरुलिंगनं गोल झकास काढला, पण बाराही आकडे उजव्या अंगाला दाटीवाटीनं बसवले. काटे कुठं लावायचे ते त्याला सुचेना. मग कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं एक, अ, दोन, आ अशी रेघेनं जोडत जायची होती. तो तीनवर अडकला.

"बाई, ही बालवाडी हाय की," तो हसून म्हणाला. "किल्ली द्या, चालवूनच दाखवतो."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी दानम्माकडं बघितलं. "आजी, तुम्हाला नात आहे ना?"

"हाय की. वैष्णवी. सहा वर्षांची."

"तिला एकटीला यांच्या गाडीत पाठवाल?"

दानम्मा चपापली. "त्यांना जरा भाईर बसवा. मग सांगते."

"इथंच सांगा. त्यांनाही कळू दे."

गुरुलिंग तिच्याकडं बघत होता, निवांत. बायको काय बोलणार याची त्याला खात्रीच होती. दानम्माच्या डोळ्यांपुढं वळसंगची रडणारी नऊ तोंडं आली.

"न्हाय," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"न्हाय पाठवणार."

तो ओरडला नाही. नुसता बसल्या जागी लहान झाला. डॉक्टरांनी दाखल्यावर 'वाहन चालवण्यास अपात्र' असं लिहिलं. संध्याकाळी नंदीश व्हॅन घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सहाला गुरुलिंग आंघोळ करून, खाकी शर्ट घालून किल्ली शोधू लागला. दानम्मानं सगळं सांगितलं. तो ढसाढसा रडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा खाकी शर्ट, पुन्हा किल्ली, पुन्हा तेच रडणं. त्याच्यासाठी ती बातमी रोज नवीच असायची.

"गाडी ग्यारेजला टाकलीय म्हण," नंदीशनं फोनवर सांगितलं. तिनं तसं सांगितलं. गुरुलिंग उन्हात चालत ग्यारेजला गेला, मेकॅनिकला चोर म्हणाला, त्याची कॉलर धरली. मेकॅनिकनं ढकललं. गुरुलिंगचे पुढचे दोन दात पडले. दानम्मा पुन्हा खरं सांगू लागली.

पावसाळ्यापर्यंत तो व्हॅन विसरला. मग डॉक्टर, ते घड्याळ, शाळेची मुलं, सगळंच पुसलं गेलं. शेवटी दानम्माचं नावही गेलं. एक गोष्ट मात्र गेली नाही. घरी कुणीही आलं की तो तिच्याकडं बोट दाखवून सांगायचा, "ह्या बाईनं माझ्याविरुद्ध साक्ष दिली. चार लोकांत."

"कसली साक्ष, काका?"

ते त्याला आठवायचं नाही. "दिली की," एवढंच.

तिच्या हातचा घास तो घेईना. ताट भिरकावायचा. सिद्धम्माच्या हातून मात्र मुकाट्यानं जेवायचा, वर "तुमची भाकरी लई चांगली," असंही म्हणायचा.

आता दानम्मा भाकरी थापते, आमटी करते, ताट झाकून शेजारी नेऊन देते. सिद्धम्मा तेच ताट घेऊन पुढच्या दारानं येते आणि त्याला भरवते. तो जेवून उठेपर्यंत दानम्मा स्वयंपाकघरात आवाज न करता उभी असते.