याव सर स्लॅबखाली झोपले

याव बोआतेंग मूळचा घानाचा. कोलकात्यात सहा वर्षं तो पगारावर फुटबॉल खेळला. त्यानं गोल मारला की हजारो माणसं त्याच्या नावानं ओरडायची. त्र्याण्णव साली गुडघा मोडला आणि क्लबनं करार संपवला. परत जायच्या आधी तो मुंबईत मित्राकडं थांबला होता, तेवढ्यात आमच्याकडं भूकंप झाला. मदतीच्या एका ट्रकमधून तो किल्लारीजवळच्या आमच्या गावात उतरला. मी तिथला शाळामास्तर.

सव्वासहा फूट उंचीचा तो माणूस लंगडत तीन दिवस दगड उपसत राहिला. गावातल्या म्हाताऱ्या बसम्माचा मुलगा आणि सून ढिगाऱ्याखाली गेले होते. आठ वर्षांची नात, अंजू, त्यानं जिवंत बाहेर काढली. म्हातारीनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं, तर तो घाबरून मागं सरला.

ट्रक परत गेला. तो गेला नाही. मी विचारलं तेव्हा बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाला, "मास्टरजी, इधर बच्चा लोग खेलता नहीं."

खरंच होतं. पत्र्याच्या शेडांपुढं पोरं नुसती बसून असायची. त्यानं रानात चेंडू टाकला आणि एकटाच खेळत बसला. पंधरा दिवसांनी चेंडू अंजूजवळ गेला. तिनं लाथ मारली. तिथून सुरुवात झाली आणि तो पोरांचा 'याव सर' झाला. दर वर्षी राहण्याच्या परवान्याचे कागद घेऊन तो मुंबईला जायचा आणि परत यायचा.

शहाण्णवच्या ऑक्टोबरात आमच्या मुली सामन्यासाठी नांदेडला गेल्या. उतरायची सोय एका शाळेत, स्लॅबच्या खोलीत. मुली दारातच थबकल्या. तीन वर्षांत त्यांतली एकही पत्र्याशिवाय दुसऱ्या छताखाली झोपली नव्हती.

"न्हाई जायचं आत," अंजू म्हणाली.

दुपारचे दोन. ऊन भाजून काढत होतं. याव सर काही समजावत बसले नाहीत. बूट काढले, खोलीच्या मधोमध चादर अंथरली आणि छताकडं तोंड करून आडवे झाले. अर्धा तास गेला.

अंजू उंबऱ्याशी आली. "सर, पडंल ते."

डोळे न उघडता ते आमच्याच बोलीत म्हणाले, "पडलं तर आधी माझ्यावर पडंल."

तिनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मग आत गेली आणि त्यांच्या पायाशी निजली. तिच्यामागं दुसरी गेली, तिसरी गेली. मी मास्तर, पण भूकंपानंतर मीही स्लॅबखाली पाठ टेकली नव्हती. शेवटी मीही चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच गोलांनी हरलो. गावी आल्यावर बसम्मानं सामन्याचं विचारलंच नाही.

"आत निजलीस?"

"हाव, आज्जी."

म्हातारी पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ रडली.

पुढं लातुरात क्लासेसचा सुकाळ झाला. अंजू अकरावीला तिथं गेली. सरांनीही तिथंच खोली घेतली आणि पहाटे मैदानावर शिकवू लागले. डाळमिलवाले ईश्वरप्पा एकदा तावातावानं आले. "सर, आमच्या वैष्णवीचा एक तास गेला की दहा मार्क जातेत!"

"ती शेवटची कधी हसली?" सरांनी विचारलं.

ईश्वरप्पांना आठवेना. ते आले तसे परत गेले. सोमवारी वैष्णवीला ते स्वतः स्कूटरवरून सोडायला आले.

अंजू आज तिथंच मुलींची कोच आहे. दोन हजार नऊला सरांची आई वारली तेव्हा ते एकदाच घानाला गेले. मला वाटलं, आता काय येतो हा माणूस. तेविसाव्या दिवशी ते लातूरच्या बसस्टँडवर उतरले. त्यांचा फोन आला म्हणून घ्यायला मी गेलो होतो. बॅग माझ्या हातात देत म्हणाले, "गुरुजी, आधी फक्की घेऊ. मैदानाच्या रेषा पुसल्या असतील."